मागे राहिलेला कागद

आमच्या उज्जैनच्या घरी जिन्याकडे वळताना डाव्या हाताला तो टांगलेला आहे. पन्नाशी कधीच ओलांडलेली. एके काळी पांढराशुभ्र होता. आता सायीत केशराची काडी विरघळावी तसा रंग आलाय. चारी कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं, वरच्या कडेला सेलोटेपचा तपकिरी पट्टा आणि उजव्या बाजूला कुणाच्या तरी अंगठ्याचा शाईचा ठसा. नव्या पाहुण्याला तो गबाळा वाटतो. हे असलं फ्रेम करून का लावलंय, हा प्रश्न त्याच्या ओठांवर आलेला असतो. पण माळव्यातला माणूस भिडस्त, तो विचारत नाही. चहाचा कप हातात घेऊन एक पाऊल पुढे सरकतो. मग आणखी एक. नाक काचेला टेकायच्या बेतात आलं की मी समजते, झाली यांची ओळख.

हे एका दैनिकात छापून आलेल्या व्यंगचित्राचं मूळ चित्र आहे. चित्रकाराने स्वतःच्या हाताने, ब्रशने आणि काळ्या शाईने काढलेलं. त्यावरून ब्लॉक झाला आणि ब्लॉकवरून प्रती निघाल्या. प्रती घरोघर गेल्या, न्हाव्याच्या दुकानात गेल्या, दुसऱ्या दिवशी शेंगदाण्यांच्या पुड्या झाल्या. हा मात्र जिथे जन्मला तिथेच राहिला. ज्याच्यामुळे एवढी माणसं हसली, त्याला स्वतःला कुणी पाहिलंच नव्हतं.

आमचे काका तेव्हा इंदूरच्या एका दैनिकात ब्लॉक बनवायचे. ब्लॉक झाला की मूळ चित्राचं काम संपायचं. ते कोपऱ्यातल्या खोक्यात जायचं आणि खोकं भरलं की रद्दीत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. खुद्द चित्रकारालाही नाही, कारण त्याला उद्याचं चित्र काढायचं असे. काकांनी त्या खोक्यातून आठ-दहा कागद उचलून घरी आणले. का आणले, असं मी लहानपणी विचारलं, तर म्हणाले, "अगं, दिवसभर त्यांच्याकडे बघत बसायचो. टाकवेनात."

चित्र 1974 च्या उन्हाळ्यातलं. गल्लीतला सार्वजनिक नळ. नळाला फीत बांधलेली. टोपीवाले मंत्री कात्री उघडून वाकलेत, गळ्यातला हार नळाच्या तोटीला अडकलाय. मागे रांग, पण रांगेत माणसं नाहीत, नुसते हंडे. हंडे, कळशा, बादल्या, एक फुटका डबा, पुन्हा हंडे. लहान होत होत कागदाच्या कडेपाशी त्यांचे ठिपके होतात. पुढे एक उघडं पोर नळाला कान लावून उभं आहे. खाली ओळ: "साहब, ये कहता है, अभी आ रहा हूँ।" कोपऱ्यात दोन अक्षरांची सही, शेवटच्या वेलांटीला मासोळीची शेपटी.

छापून आलं तेव्हा हे चित्र तळहाताएवढं होतं. मूळ कागद पंधरा इंच रुंद आहे. काकांनी याचं कारण सांगितलं होतं: मोठं काढून लहान केलं की हाताचा कंप मिटतो, रेघ आवळली जाते, धारदार दिसते. पण आमच्या कागदावर कंप आहे तसाच आहे. मंत्र्यांच्या कोटाची बाहेरची रेघ एका दमात ओढलेली, खांद्यापासून थेट टाचेपर्यंत. जिथे ब्रशमधली शाई संपत आली तिथे ती केसाळ होते. पोराच्या कानाची रेघ मात्र तीनदा थांबून काढलेली दिसते. तिथे तो माणूस घाबरला होता. कान चुकला असता तर चित्रच चुकलं असतं.

शिवाय निळी पेन्सिल. सगळ्या चित्राखाली फिक्या निळ्या पेन्सिलीचा कच्चा आराखडा आहे. मंत्री आधी आणखी जाड होते, नळ आधी डावीकडे होता, हंड्यांची रांग सरळ होती, मग वळवली. या खुणा चित्रकाराने खोडल्या नाहीत, कारण खोडायची गरजच नव्हती. काकांच्या शब्दांत, "निळं कॅमेऱ्याला दिसत नाही." ब्लॉकच्या कॅमेऱ्यात जी फिल्म वापरत, तिच्या लेखी फिका निळा आणि पांढरा एकच, लाल मात्र तिला काळा दिसायचा. म्हणून चित्रकार निळ्यात मनातलं बोलायचा आणि काळ्यात लोकांशी. मग त्या फिल्मवरून जस्ताच्या पत्र्यावर प्रतिमा उतरवायची, पत्रा नायट्रिक ॲसिडमध्ये सोडायचा. ॲसिड रेघ सोडून बाकीचं जस्त खात जातं. उरलेला उठाव लाकडी ठोकळ्यावर ठोकून छपाईच्या खिळ्यांच्या उंचीला आणायचा, म्हणजे मजकुराच्या पानात तो खिळ्यांच्या शेजारी बसतो. काकांच्या बोटांची टोकं त्या ॲसिडने कायमची पिवळी झाली होती. कागदावरचा अंगठा त्यांचाच असावा, असं मला वाटतं. आईला वाटतं, तो चित्रकाराचा.

वर्तमानपत्रातलं व्यंगचित्र घाईतून जन्मतं, आणि ती घाई मूळ कागदावर जशी दिसते तशी छापील प्रतीत कधीच दिसत नाही. आर. के. लक्ष्मण 1947 साली टाइम्स ऑफ इंडियात आले आणि 1951 पासून पहिल्या पानावर त्यांचं रोजचं छोटं चित्र येऊ लागलं. आरंभी ते भारतीय माणूस दाखवायला निरनिराळ्या प्रांतांची माणसं काढत, कुणी बंगाली, कुणी पंजाबी, कुणी तमिळ. पण रोज संध्याकाळपर्यंत चित्र हातावेगळं करायचं, एवढी माणसं काढायची कधी? गर्दी गळत गेली आणि शेवटी एकच उरला: चौकड्यांचा कोट, धोतर, चश्मा, टकलामागे केसांचे दोन झुपके, तोंडातून अवाक्षर नाही. देशाला पन्नास वर्षं पुरलेला हा माणूस वेळेच्या तंगीने घडवला. 1988 साली टाइम्सला दीडशे वर्षं झाली तेव्हा तो टपाल तिकिटावर आला. पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात तो ब्राँझमध्ये उभा आहे, मुंबईत वरळीला समुद्राकडे बघत आहे. 6 मार्च 2022 रोजी पुण्यात बालेवाडीला लक्ष्मण यांच्या नावाचं कलादालन आणि संग्रहालय सुरू झालं. तिथे त्यांची व्यंगचित्रं आहेत आणि थोरले बंधू आर. के. नारायण यांच्या मालगुडीची छोटी प्रतिकृतीही. एका व्यंगचित्रकारासाठी महापालिका इमारत बांधते, याचं मला अपार समाधान आहे. आमच्या काकांच्या पिढीत असं कुणी म्हटलं असतं, तर ब्लॉक विभागात सगळ्यांनी काम थांबवून त्याच्याकडे पाहिलं असतं.

पण मला सांगायचंय ते उज्जैनचं.

आमच्या गावाला चित्रं बघायची सवय आहे. कार्तिकात देवउठनी एकादशीपासून कालिदास समारोह भरतो. पंडित सूर्यनारायण व्यासांच्या पुढाकाराने 1958 साली सुरू झालेला हा समारोह. त्यात कालिदासाच्या काव्य-नाटकांवरच्या चित्रांचं आणि मूर्तींचं प्रदर्शन असतं. लोक सहकुटुंब जातात. रेघेला मान देणारंही हे गाव आहे. भीमबेटकाची शैलचित्रं 1957 साली जगापुढे आणणारे विष्णू श्रीधर वाकणकर, गावाचे हरिभाऊ, इथलेच. भारती कलाभवन त्यांनी इथेच काढलं आणि गुहांच्या भिंतींवरच्या रेघा जन्मभर कागदावर उतरवत राहिले. हसण्याचं म्हणाल, तर हिंदी व्यंगकार शरद जोशी उज्जैनला जन्मले. डॉ. शिव शर्मांनी सुरू केलेलं टेपा संमेलन दर 1 एप्रिलला भरतं. टेपा म्हणजे माळवीत भोळसट, गावंढळ माणूस, आणि ती पदवी इथे मोठमोठे लोक आनंदाने डोक्यावर मिरवतात.

चित्र बघणारे होते, हसणारेही होते. पण वर्तमानपत्रातल्या चित्राचा मूळ कागद भिंतीवर लावून बघायचा, हे मात्र आमच्या मंडळींनी कधी केलं नव्हतं. गेल्या गणेशोत्सवात ते झालं. आरास साधी ठेवायची आणि उरलेल्या भिंतीवर काहीतरी लावायचं, असं ठरत होतं. कुणीतरी म्हणालं, "तुमच्याकडे ते नळाचं चित्र आहे ना?" आमचा कागद भिंतीवरून उतरला आणि ट्रंकेतले त्याचे सात भाऊ बाहेर निघाले. त्यांना जुन्या फोटोंच्या फ्रेमा दिल्या. पाच दिवस ते आठ जण गणपतीच्या उजव्या हाताला उभे होते.

पहिल्या संध्याकाळी मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बघत होते. कालिदास समारोहात शकुंतलेच्या चित्रापुढे माणसं कशी उभी राहतात, ते मला पाठ आहे: हात मागे बांधून, बोलायचं झालंच तर कुजबुजत. आपल्याला यातलं फारसं कळत नाही, अशी एक अदब चेहऱ्यावर असते. इथे ती अदब दारातच गळून पडली. लोक मोठ्याने बोलत आले. चित्राखालची ओळ वाचली नाही, म्हटली, ज्याच्याकडे चश्मा नव्हता त्याला ऐकू जावी म्हणून. एक आजोबा ओळ म्हणून झाल्यावर स्वतःच हसले आणि आपल्या हसण्यात कुणी सामील आहे का, ते बघायला वळले. शेजारी फ्रीगंजातल्या एक बाई होत्या, त्यांची ओळखदेख नव्हती. त्याही हसत होत्या. दोघांचं पाच मिनिटं बोलणं झालं, नळावर. व्यंगचित्रापुढे एकटा आलेला माणूस फार वेळ एकटा राहत नाही, हे मी त्या पाच दिवसांत पक्कं शिकले.

आणि जवळजवळ प्रत्येकाला वाटलं, हे चित्र ताजं आहे. "कधी आलं हो हे? मागच्या मे महिन्यात का?" 1974 सांगितलं की क्षणभर गप्प. मग कुणी क्षिप्रेवर येतं. 2014 साली नर्मदेचं पाणी पाइपातून क्षिप्रेत आणलं, त्यानंतरचा सिंहस्थ झाला, सगळं खरं. पण गल्लीतल्या नळाचं काय, असं ते बोलणं वळणं घेत पुन्हा चित्रापाशी येऊन थांबतं. चित्रांशेजारी ठेवलेल्या अभिप्रायाच्या वहीत एकाने हिंदीत लिहिलं, "हमारे यहाँ आज भी एक दिन छोड़कर।" दुसऱ्याने मराठीत, "पेपरात एवढंसं दिसायचं. एवढं मोठं असतं हे माहीत नव्हतं." एका बाईंनी फक्त आपल्या मोहल्ल्याचं नाव आणि तारीख लिहिली, तक्रार नोंदवावी तशी. मला ते फार आवडलं. चित्रकाराला त्यांनी महापालिकेपेक्षा जवळचं मानलं होतं.

सगळ्यांच्याच वाट्याला असं प्रेम आलं नाही, हेही सांगायला हवं. आठांपैकी तीन चित्रं त्या काळच्या प्रांतिक राजकारणातली. त्यांतले चेहरे आता कुणी ओळखत नाही. एकेकाळी ते नाक, ती हनुवटी दिसताच हशा पिकायचा. आता नातू विचारतो, हे कोण, आणि आजोबा सांगायला लागतात: कोण, कुठून निवडून आले, कुणाला सोडून कुणाकडे गेले. सांगून होईपर्यंत विनोद विझलेला असतो, पण गोष्ट मात्र झालेली असते. त्या तीन कागदांपुढे लोक हसले नाहीत, ऐकत उभे राहिले. मला आधी त्यांची कीव आली होती. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर सगळ्यांत जास्त वेळ माणसं त्यांच्यापुढेच थांबत होती.

पुण्यात बालगंधर्वच्या कलादालनात व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकरांची प्रदर्शनं असायची, तेव्हा ते स्वतः तिथे असायचे, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचे. दिवाळीच्या सुमाराला नळ स्टॉपच्या चौकात उभं राहून वाहतुकीचे नियम सांगणारी स्वतः काढलेली शुभेच्छापत्रं लोकांच्या हातात ठेवणारा माणूस तो. चित्र आणि चित्रकार एकाच वेळी भेटणं हे भाग्य. आमच्या भिंतीजवळ चित्रकार नव्हता. तो जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या जागी कागदालाच बोलावं लागत होतं, आणि त्याच्याकडे बोलायला होत्या फक्त त्याच्या अंगावरच्या खुणा.

लोकांनी त्या खुणा वाचल्या. हसून झालं, नळावर बोलून झालं, की माणूस पुढे सरकायचा आणि मग त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. "ही निळी पेन्सिल आहे का?" "हे हाताने काढलंय?" हा दुसरा प्रश्न मी किती वेळा ऐकला! हाताने नाही तर कशाने? पण प्रश्न खराच होता. छापलेलं चित्र आभाळातून पडतं, त्याला हात नसतो. इथे हात दिसत होता: कुठे थांबला, कुठे सुटला, कुठे घाबरला. एक शिंपीकाका कोटाच्या त्या एका दमातल्या रेघेवरून काचेबाहेर हवेतच बोट फिरवत होते, खांद्यापासून टाचेपर्यंत. दोनदा फिरवलं. मग मला म्हणाले, "कापताना आमचीही कात्री अशीच एकदा उचलली की थांबवायची नसते."

आता मूळ कागदच होत नाही. अनेक चित्रकार काचेच्या पाटीवर लेखणीने काढतात, चुकलं तर एक पाऊल मागे जातात, चित्र तारेतून कार्यालयात पोचतं. उत्तम चित्रं निघतात त्यातूनही, मी रोज बघते. पण मागे काहीच राहत नाही. टाचणीचं भोक नाही, अंगठा नाही, निळी रेघ नाही. म्हणून जे कागद कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या माळ्यावर पडून आहेत, त्यांची मला काळजी वाटते. सेलोटेपचा डिंक दरवर्षी थोडा थोडा कागद खातो. इंदूर-उज्जैनकडच्या वर्तमानपत्रांत रोज एक चित्र, असं कित्येक वर्षं चाललं. त्यांतले किती उरले असतील?

चौथ्या दिवशीची गोष्ट. सातवीतला एक मुलगा, आमच्याच गल्लीतला, नळाच्या चित्रापुढे बराच वेळ उभा होता. उभा म्हणजे हलत होता. मान डावीकडे, मग उजवीकडे, मग खाली वाकून वर बघणं. मला वाटलं, काचेत स्वतःला बघतोय. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मावशी, यहाँ एक बाई छुपी है।"

मी गेले. पोराच्या मागे, हंड्यांची रांग सुरू होते तिथे, पांढऱ्या रंगाचा जाड थर आहे. तो थर मला जन्मापासून माहीत. काही चुकलं असेल, पोस्टर कलरने झाकलं असेल, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. घरी तो जिन्याच्या अंधारात असतो. इथे बाजूच्या ट्यूबलाइटचा उजेड त्याच्यावर तिरपा पडत होता. त्या उजेडात थराखालची रेघ फुगून वर आली होती, सुकलेल्या चिखलाखाली मूळ दिसावं तशी. डोक्यावरचा पदर. गुडघ्यावर टेकलेलं कोपर. हातात रिकामी कळशी. ती रांगेतली पहिली बाई होती, पोराची आई असणार. शाईत पूर्ण काढलेली, डोळ्यांसकट. आणि मग चित्रकाराने तिला उठवून दिलं. तिच्या मागच्याही असतील, कारण थर मागेही जातो, पातळ होत जातो. सगळी माणसं काढून टाकली आणि हंडे तेवढे ठेवले.

गेले चार दिवस लोक म्हणत होते, काय सुचलंय, रांगेत माणसंच नाहीत! ते सुचलं नव्हतं. आधी माणसं होती. छापायची वेळ जवळ येत चालली असताना त्याने ती एकेक करून पांढऱ्याखाली घातली, आणि कॅमेऱ्याला पांढरं ते पांढरंच दिसलं. ज्यांनी ज्यांनी पेपर उघडला त्यांतल्या एकालाही ती बाई दिसली नाही. काकांनी पाहिली असेल का? ब्लॉक करायला कागद दिव्याखाली ठेवायचे तेच. टाकवेनात म्हणाले होते. मी आईला हाक मारली. आई चश्मा पुसून बराच वेळ वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "डोळे उघडे आहेत तिचे."

पाचव्या संध्याकाळी, विसर्जनाच्या आदल्या आरतीनंतर, तो मुलगा चार मित्रांना घेऊन आला. जमिनीवर खडूने त्याने एक फुली काढली होती, कधी ते मला कळलं नाही. एकेकाला त्या फुलीवर उभं करत होता. "यहाँ पैर रख. मुंडी नीचे. और नीचे. अब देख, बाई दिखी?" तिघांना दिसली. चौथ्याला दिसेना. मग त्याने त्याला दोन्ही खांद्यांना धरलं आणि अर्धं पाऊल डावीकडे सरकवलं.